पळायचं तर आधी थांबता यायला हवं

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला मोटारशर्यतींचा ट्रॅक आहे. घरातली साधी गाडी नेऊन तिथं मनसोक्त पळवण्याची हौस आता नोकरदार तरुणांनाही लागलीय. मात्र या ट्रॅकवर खरा कस लागतो तो इंजिनाचा नव्हे, ब्रेकचा!

सकाळचे सहा वाजलेत. चेन्नईची गर्दी पूनामल्लीपर्यंत पाठलाग करते आणि मग हळूहळू सुटते. चेंबरंबक्कमच्या तलावावरून येणारा वारा दमट आहे. जानेवारी असूनही गाडीच्या काचांवर ओल धरतेय. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर डिग्री कॉफीचे पितळी पेले खणखणू लागलेत. हा राष्ट्रीय महामार्ग ४८. दिल्लीहून निघून मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळुरू करत चेन्नईत येणारा. पुण्यापासूनच्या या रस्त्याला जुनी माणसं आजही ‘एनएच चार’च म्हणतात.

या रस्त्यावरून एक पांढरी हॅचबॅक चाललीय. डॅशबोर्डवर गणपती, मागच्या सीटवर कंदी पेढ्यांचा डबा, आणि डब्याशेजारी साताऱ्याहून पोंगलसाठी आलेले अण्णा. अण्णांनी ३२ वर्षं एस.टी. चालवली. वाई-महाबळेश्वरचा पसरणी घाट आणि कराड-चिपळूणचा कुंभार्ली घाट त्यांना तळहातासारखे पाठ. गाडी चालवणारा त्यांचा मुलगा ओरगडमच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. शेजारी सूनबाई, त्या शाळेत विज्ञान शिकवतात. आणि अण्णांच्या मांडीवर डोकं टेकून झोपलेली नात.

अण्णांची तक्रार साधी आहे. ‘‘गाडी घरची. पेट्रोल आपलं. आणि वर पैसे मोजून गोल गोल पळवायची? कशासाठी रे?’’

मुलगा हसतो. म्हणतो, ‘‘अण्णा, आधी बघा तरी.’’

श्रीपेरुंबुदूर इथून पुढं थोड्या अंतरावर आहे. रामानुजाचार्यांचं जन्मस्थान म्हणून वैष्णवांना ते पूज्य, तर २१ मे १९९१ या तारखेमुळं साऱ्या देशाच्या स्मरणातलं. राजीव गांधींची हत्या झाली ते हेच गाव. त्याच्या अलीकडं इरुंगाट्टुकोट्टईचा फाटा लागतो. ‘कोट्टई’ म्हणजे तमिळमध्ये किल्ला. किल्ला काही दिसत नाही, दिसतात ते कारखाने. ह्युंदाईच्या गाड्या इथं १९९८ पासून तयार होतायत. त्या औद्योगिक पसाऱ्याला लागूनच तो ट्रॅक आहे.

धावपट्टीपासून सुरुवात

मद्रासला मोटारशर्यतींचं वेड जुनं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ सालची. तेव्हा शर्यती व्हायच्या शहराच्या उत्तरेला, शोलावरमला. दुसऱ्या महायुद्धातली एक ओस पडलेली विमानाची धावपट्टी तिथं होती. वर्षातून एकदा तिथं जत्रा भरायची. कुणी फियाट घेऊन येई, कुणी मोटारसायकल. धावपट्टीवर वेग घेणं सोपं, पण टोकाला वळायचं तर वेग उतरवायलाच हवा. त्या काळच्या फियाट, अँबॅसडरना चारही चाकांना ड्रम ब्रेक. बंद डब्यात तापलेली हवा जशी कोंडते, तशी त्या ड्रममध्ये उष्णता कोंडायची. चालवणाऱ्याचं निम्मं कौशल्य गाडी वेळेत थांबवण्यातच खर्ची पडायचं.

क्लबनं स्वतःचा कायमचा ट्रॅक बांधला आणि १९९० साली तो सुरू झाला. सुमारे ३.७ किलोमीटर लांबी आणि १२ वळणं. पुढं कोइंबतूरजवळ कारी मोटर स्पीडवे २००३ मध्ये आला, तर दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात बुद्ध इंटरनॅशनल सर्किट २०११ मध्ये. फॉर्म्युला वनची भारतीय शर्यत तिथं २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. पण इरुंगाट्टुकोट्टईचा मान वेगळा. देशातल्या कितीतरी शर्यतवीरांनी वेगाची मुळाक्षरं इथंच गिरवली.

‘ट्रॅक डे’ मात्र शर्यत नसते. पहिला-दुसरा नंबर नाही, करंडक नाही. फी भरायची, हेल्मेट घालायचं, नियम ऐकायचे आणि ठरल्या वेळात आपली गाडी पळवायची. समोरून कुणी येत नाही, आडवी गाय येत नाही, शाळकरी मुलं रस्ता ओलांडत नाहीत. वेगाची हौस रस्त्यावर भागवून लोकांच्या जिवाशी खेळण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

एका वळणावर दोन लिटर पाणी

फाटकाशी गाड्यांची रांग लागलीय. तपासणीस प्रत्येक गाडीपाशी वाकून बघतायत. सीटबेल्ट ठीक आहेत का? बॅटरी घट्ट आहे का? गाडीत सुटं सामान नाही ना? पेढ्यांचा डबा, गणपती, पाण्याच्या बाटल्या, सगळं बाहेर निघतं. कारण गच्चकन ब्रेक दाबला, की सुटी बाटली घरंगळत पेडलखाली जाऊन बसते.

अण्णा गाडीभोवती एक फेरी मारतात. मग दार उघडून आत बसतात, इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल जोरात दाबून धरतात आणि मनातल्या मनात ३० आकडे मोजतात. डेपोतल्या जीपवर शिकलेली ही परीक्षा. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जात राहिलं, तर समजायचं कुठंतरी गळती आहे. पेडल जागचं हलत नाही. अण्णा उतरतात. ‘‘बिरेक चांगला हाय,’’ एवढंच बोलतात.

चांगला असायलाच हवा! मुलाची आदल्या महिन्यातली सगळी सुटी त्यातच गेली होती. नवे रुंद टायर घ्यायचे त्याच्या मनात होतं. पण सूनबाईंनी बजावलं होतं, ‘‘आधी ब्रेक. उरले पैसे तर टायर. नाहीतर ट्रॅकचं नावच काढायचं नाही.’’

असं का, ते त्या सासऱ्यांना प्रेक्षकांच्या सज्जात बसून समजावतात. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही, तो वेगाची उष्णता करतो. हजार किलोची गाडी ताशी १४० किलोमीटरवरून ६० वर आणायची तर तीन-चार सेकंदांत जी उष्णता तयार होते, तिच्यात सुमारे दोन लिटर गार पाणी उकळीला येईल. हे झालं एका वळणाचं. अशी जोरात ब्रेक लावण्याची वळणं एका फेरीत अनेक. साधी गाडी दोन-अडीच मिनिटांत फेरी पुरी करते. म्हणजे एका वळणाची उष्णता जायच्या आत पुढचं वळण हजर.

‘‘आणि वेग दुप्पट झाला ना अण्णा, तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते.’’

अण्णा मान डोलावतात. ‘‘म्हणजे चुलीवरची चूल.’’

शहरात हे कधी जाणवत नाही. सिग्नलला थांबलो, ब्रेक तापला, पुढच्या सिग्नलपर्यंत गार झाला. महामार्गावरही करकचून ब्रेक लावण्याची वेळ दिवसातून एखाद-दोनदा येते. गाडी बनवणाऱ्यांनी ब्रेक बनवलेले असतात ते याच वापरासाठी, आणि त्यासाठी ते उत्तमही असतात. ट्रॅकवर मात्र त्यांना उसंतच मिळत नाही.

हवेतलं पाणी, डब्यातलं तेल

चेन्नई म्हणजे देशातलं गाड्यांचं मोठं माहेरघर. ब्रेकचं तर विशेषच. अंबत्तूरला लागून असलेल्या पाडी भागात ‘ब्रेक्स इंडिया’चा कारखाना १९६२ पासून. सुटे भाग हवेत तर जनरल पॅटर्स रोडवर दुकानांची रांग. जुने भाग हवेत तर पुदुपेट्टईच्या बोळांत अख्खी गाडी तुकड्यातुकड्यांनी मिळेल. मुलगा पॅटर्स रोडवर गेला तेव्हा दुकानदारानं त्याला पहिला प्रश्न विचारला, ‘‘ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं?’’ त्याला आठवेना.

बहुतेकांना आठवत नाही! इंजिन ऑईल सगळे बदलतात, ब्रेक ऑईल वर्षानुवर्षं तसंच राहतं. पेडलवरचा पायाचा दाब चाकापर्यंत पोचवतं ते हेच तेल. त्याचा स्वभाव मिठासारखा. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. चेन्नई, मुंबई, रत्नागिरी अशा समुद्राकाठच्या दमट हवेत तर जास्तच. ताजं ‘डॉट ३’ प्रतीचं तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात चारेक टक्के पाणी मुरलं, की ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. ‘डॉट ४’साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर ‘डॉट ५.१’साठी २६० आणि १८०.

तेल उकळलं तर बिघडलं कुठं? बिघडतं ते असं : तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा दाब थेट चाकाशी जातो. तेलातल्या पाण्याची वाफ झाली, की ती मात्र फुग्यासारखी दाबली जाते. पाय पेडलवर, पेडल तळाला टेकलेलं, आणि गाडी पळतेच आहे! घाटात मोठे अपघात घडतात, त्यातल्या काहींचं कारण नेमकं हेच असतं.

म्हणून तयारीची सुरुवात तेलापासून. सीलबंद डबा आणायचा. महिनोन्‌महिने फोडून ठेवलेला नाही, कारण डब्यातही ओल शिरते. जुनं तेल पूर्ण काढून टाकायचं आणि चारही चाकांपाशी ब्रेकमधली हवा काढायची. ‘डॉट ५’ हे नाव ‘५.१’सारखं वाटलं तरी ते सिलिकॉनचं वेगळंच तेल आहे, ते यात मिसळायचं नाही. गाडीच्या रंगावर तेलाचा थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवायचा, नाहीतर रंग उठतो.

दुसरी गोष्ट पॅड. घरच्या गाडीचे पॅड गार असतानाही नीट धरतात, आवाज करत नाहीत. पण ते प्रमाणाबाहेर तापले की त्यांना बांधून ठेवणारा राळेसारखा पदार्थ जळू लागतो, वायू सुटतो आणि पकड जाते. इथं लक्षण वेगळं. तेल उकळलं तर पेडल मऊ पडतं, पॅडनं दगा दिला तर पेडल घट्टच राहतं आणि गाडी मात्र थांबत नाही. ट्रॅकसाठी म्हणून जास्त उष्णता सोसणारे पॅड मिळतात. मुलानं ते पुढच्या चाकांना बसवले, कारण ब्रेक लावला की गाडीचा भार पुढं येतो आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचीच चाकं करतात.

नवे पॅड बसवून थेट ट्रॅकवर जायचं नसतं. ते आधी डिस्कवर ‘बसायला’ हवेत. मोकळ्या, सुरक्षित जागी मध्यम वेगावरून ब्रेक लावून वेग कमी करायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता थोडं अंतर चालवून सारं गार होऊ द्यायचं. त्याबरोबर डिस्कची जाडी बघायची; ती कमीत कमी किती हवी, हे डिस्कवरच कोरलेलं असतं. रबरी नळ्या तडकल्या असतील तर बदलायच्या. आणि शोभेचे व्हीलकव्हर काढून ठेवायचे, म्हणजे डिस्कला वारा लागतो.

वास कुंभार्लीचा

साडेनऊला पहिली तुकडी सुटते. पहिली फेरी सावकाश. टायर आणि ब्रेक अंगात आणण्यासाठी. मग वेग वाढतो. सज्जातून बघताना गंमत कळते. सगळे सरळ पट्ट्यावर सारखेच पळतात. फरक पडतो तो वळणाआधी. जाणते चालक उशिरा, पण एकदाच आणि जोरात ब्रेक लावतात, गाडी सरळ असतानाच. मग पाय उचलतात आणि वळतात. नवखे घाबरून लवकर पाय ठेवतात आणि वळण संपेपर्यंत घासतच राहतात. ब्रेक जास्त तापतो तो या घासण्यानं.

चौथ्या फेरीत एक निळी सेदान वळणापाशी वळतच नाही. सरळ जाते, ट्रॅक सोडते आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत धूळ उडवत थांबते. पिवळा बावटा फडकतो. सज्जातले सगळे उभे राहतात. चालक दार उघडून बाहेर येतो, हेल्मेट काढतो, हात वर करतो. त्याला काही झालेलं नाही. गाडी ओढून आणतात, तेव्हा तो एवढंच सांगतो की पेडल खालीच गेलं. तेल कधी बदललं होतं? त्यालाही आठवत नाही.

सूनबाई काही बोलत नाहीत, पण त्यांची नजर पांढऱ्या गाडीवरून हटत नाही. नात विचारते, ‘‘आजोबा, बाबांचा ब्रेक लागेल ना?’’ अण्णा तिचा हात हातात घेतात.

पांढरी गाडी तीन वेगवान फेऱ्या मारते. चौथ्या फेरीत तिचा वेग अचानक उतरतो. मागच्या गाड्या तिला ओलांडून जातात. एक अख्खी फेरी ती जवळपास ब्रेक न लावता, रमतगमत पुरी करते आणि आत येते. ठरलेल्या वेळातली सात मिनिटं अजून शिल्लक आहेत.

अण्णा सज्जातून उतरून गाडीपाशी पोचतात, तेव्हा पुढच्या चाकांतून उष्णतेच्या झळा येत असतात. आणि वास! जळक्या लायनरचा, नाकात झोंबणारा. अण्णा थबकतात. ‘‘हा वास कुंभार्लीचा,’’ ते म्हणतात.

मुलगा सवयीनं हँडब्रेककडं हात नेतो आणि मागं घेतो. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नसतो. तापलेला भाग दाबून धरला की तो चिकटतो किंवा वाकडा होतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला अडसर लावायचा. अण्णा आजूबाजूला बघतात, टायरांच्या ढिगाजवळ पडलेला एक लाकडी ठोकळा उचलून आणतात आणि मागच्या चाकाखाली सरकवतात. ३२ वर्षांत हे काम हजारदा केलेलं.

‘‘वेळ होता अजून. आलास का?’’

‘‘पेडल बोटभर खाली गेल्यासारखं वाटलं अण्णा. नेहमीपेक्षा थोडंच. पण वाटलं.’’

अण्णा बराच वेळ काही बोलत नाहीत. मग कुंभार्लीची एक रात्र सांगतात. पावसाळा, धुकं, गाडीत पन्नासच्या वर माणसं. खाली उतरताना त्यांनी गिअर दुसराच ठेवला होता, कारण शिकवणच तशी : ज्या गिअरनं घाट चढायचा, त्याच गिअरनं उतरायचा. मागून एक प्रवासी ओरडत होता, चिपळूणची गाडी चुकेल, जरा पळवा. त्यांनी पळवली नाही. उलट अर्ध्या घाटात लायनरचा वास आला म्हणून गाडी कडेला घेऊन वीस मिनिटं उभी केली. लोकांनी शिव्या दिल्या. ‘‘बसला तेल नव्हतं, हवेचा बिरेक. पण तापल्यावर सगळे बिरेक सारखेच. तो आपल्याला आधी सांगतो. ऐकायचं की नाही, ते आपल्यावर.’’

मुलानं हे कधी ऐकलेलं नव्हतं. लहानपणी त्याला एवढंच ठाऊक होतं, की अण्णांची गाडी नेहमी उशिरा येते.

दुपारनंतर

दुपारी ऊन चढतं. गाड्यांची बॉनेट उघडून ठेवलीत. कुणी सांबारभात खातंय, कुणी दहीभात. ब्रेक पुरते गार झाल्यावर मुलगा चाकांपाशी बसून तेलाची पातळी बघतो, पॅडची जाडी बघतो, पुढच्या चाकांपाशी पुन्हा एकदा हवा काढतो. सीलबंद तेलाचा जादा डबा त्यानं त्यासाठीच आणला होता. दुपारच्या पाळीत तो दोनच वेगवान फेऱ्या मारतो, मग एक सावकाश फेरी, मग पुन्हा दोन. आता पेडल जागचं हलत नाही. निळ्या सेदानचा चालक कठड्याला टेकून ते मोजतोय. दुपारभर तो मुलाला प्रश्न विचारत राहतो आणि उत्तरं हातावर लिहून घेतो.

संध्याकाळी निघण्यापूर्वी मुलगा पुन्हा जॅक लावतो. ट्रॅकचे पॅड काढून घरचे जुने पॅड बसवतो. अण्णांना नवल वाटतं. चांगले महागाचे काढून जुने कशाला? कारण सरळ आहे. ट्रॅकचे पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. पूनामल्लीच्या सिग्नलला समोर अचानक सायकलवाला आला, तर गार पॅडनं गाडी दोन हात पुढं जाईल. शर्यतीच्या जागी जे उत्तम, ते घराच्या रस्त्यावर धोक्याचं.

मे महिन्यात सगळी मंडळी गाडीनं साताऱ्याला जाणार आहेत. याच महामार्गानं, हजारभर किलोमीटर. तिथून पसरणी चढून महाबळेश्वर. अण्णा आतापासून बजावून ठेवतात, निघण्याआधी तेल बदल, लायनर बघ, आणि उतरताना दुसरा गिअर. मुलगा ‘हो’ म्हणतो. सामान पुन्हा गाडीत भरलं जातं. गणपती डॅशबोर्डवर, पेढ्यांचा रिकामा डबा मागं. तो लाकडी ठोकळा कुणाचा म्हणून अण्णा चौकशी करून येतात. कुणाचाच नसतो.

‘‘राहू दे डिकीत,’’ ते म्हणतात. ‘‘पसरणीला लागेल.’’